सोलापूरहून गोव्याकडे, घरच्या संगणकावर : सिम्युलेटरमधील ‘एटीआर ७२-६००’ या विमानाचे परीक्षण

९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याची नियमित सेवा सुरू झाली, तेव्हापासून सोलापुरात ‘एटीआर’ हे नाव ओळखीचे झाले आहे. विमानांच्या मार्गात अडथळा मानली गेलेली श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्याच्या आधी आणि नंतर शहरात या विमानतळावर इतकी चर्चा झाली, की विमान कधी येणार या प्रश्नापुढे कोणते विमान येणार हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. फ्लाय९१ या कंपनीचे जे विमान येथे उतरते ते एटीआर ७२-६००, म्हणजे दोन टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या) इंजिनांचे, सत्तरच्या आसपास प्रवासी नेणारे आणि फ्रान्समधील तुलूझ येथे जुळणी होणारे विमान आहे. बाहेर फिरणारे पंखे पाहून अनेकांना ते जुन्या काळचे आणि म्हणून सोपे वाटते. प्रत्यक्षात ते चालवणाऱ्याचे लक्ष जेटपेक्षा अधिक वेळा आणि अधिक बारकाईने मागते, हे मला ज्या साधनामुळे नीट उमगले त्या साधनाविषयी येथे लिहीत आहे.

‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ ही संगणकावर विमान उडवण्याची प्रणाली ऑगस्ट २०२० मध्ये आली आणि एप्रिल २०२३ मध्ये तिच्या ‘एक्सपर्ट सिरीज’ या मालिकेतील पहिले विमान म्हणून एटीआर विक्रीस आले. एटीआर कंपनीच्या सहकार्याने आणि हान्स हार्टमान या विकासकाच्या हातून ते घडले आहे. प्रसिद्धीच्या वेळी त्याची किंमत १९.९९ डॉलर होती आणि तेवढ्या पैशांत लहान ४२-६००, मोठे ७२-६०० आणि ७२ चेच मालवाहू रूप अशी तीन विमाने मिळतात. मी प्रामुख्याने ७२-६०० विषयीच लिहीन, कारण आपल्या डोक्यावरून जाते ते तेच, आणि शिकण्यासारखे जे काही आहे ते सारे त्यात आहे. सिम्युलेटरमध्ये विमान उडवणे म्हणजे खेळ, असे मानणाऱ्यांनीही हे परीक्षण वाचावे अशी माझी इच्छा आहे. मी यंत्रांच्या देखभालीच्या व्यवसायात आहे आणि एखादे यंत्र हाताळण्याची शिस्त घरबसल्या इतक्या तपशिलाने शिकवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

अवघडपणाचे मूळ दांड्यांत आहे. बहुतेक जेट विमानांत वैमानिकाच्या हाताखाली प्रत्येक इंजिनासाठी शक्तीचा एकच दांडा असतो. तो पुढे सरकवला की जोर वाढतो, मागे घेतला की कमी होतो. एटीआरमध्ये दोन आसनांच्या मधल्या भागावर प्रत्येक इंजिनाचे दोन दांडे आहेत. डावीकडे दोन्ही इंजिनांचे ‘पॉवर लीव्हर’, त्यांच्या उजवीकडे ‘कंडिशन लीव्हर’ आणि त्यांच्याही उजवीकडे पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली-वर करणारा दांडा. कंडिशन लीव्हरला चार स्थाने आहेत : इंधन बंद, फेदर (याचा अर्थ पुढे येतोच), ऑटो (प्रोपेलरचा वेग यंत्रणेने ठरवायचा) आणि शंभर टक्के ओव्हरराइड (तो वेग शंभर टक्क्यांवरच ठेवायचा). या चार शब्दांचा अर्थ पाठ करायला वेळ लागत नाही, परंतु कोणत्या क्षणी कोणते स्थान का, हे अंगवळणी पडण्यासाठी इंजिन आतून कसे चालते ते समजून घ्यावे लागते आणि या विमानाची खरी गोडी तेथूनच सुरू होते.

७२-६०० वर प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा कंपनीची पीडब्ल्यू १२७ जातीची इंजिने असतात. इंधन जाळून निर्माण झालेला तप्त वायू आधी दाबयंत्र फिरवणाऱ्या टर्बाइनमधून जातो आणि मग एका स्वतंत्र टर्बाइनवर आदळतो. हे स्वतंत्र टर्बाइन गिअरपेटीमार्फत बाहेरचा सहा पात्यांचा, जवळजवळ चार मीटर व्यासाचा प्रोपेलर फिरवते. दाबयंत्र आणि प्रोपेलर यांच्यात दांड्याची थेट जोडणी नाही, त्यांना जोडतो तो केवळ वायूचा झोत. त्यामुळे इंजिनाच्या आतल्या भागाचा वेग वेगळा आणि प्रोपेलरचा वेग वेगळा, असा दुहेरी हिशेब वैमानिकाला सतत वाचावा लागतो. उड्डाणाच्या वेळी प्रोपेलर शंभर टक्क्यांवर, म्हणजे मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर असतो, चढताना आणि सरळ जाताना तो ८२ टक्क्यांवर येतो. शक्ती वाढवली तरी प्रोपेलरचा वेग वाढत नाही. नियंत्रक यंत्रणा पात्यांचा कोन बदलते आणि वाढलेली शक्ती पाती हवेचा मोठा घास घेऊन पचवतात. म्हणून येथे इंजिनाच्या आवाजावर विसंबून चालत नाही, टॉर्कच्या, म्हणजे प्रोपेलरला मिळणाऱ्या पिळाच्या, काट्याकडे पाहावे लागते.

फेदर म्हणजे पाती वाऱ्याच्या दिशेने अशी वळवणे की त्यांची धार पुढे राहील. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळहात आडवा धरला की वारा त्याला मागे ढकलतो आणि कड पुढे केली की हात स्थिर राहतो, इतके साधे ते तत्त्व आहे. बंद पडलेल्या इंजिनाची पाती अशी वळवली नाहीत, तर ती थाळीसारखी हवा अडवतात आणि विमान एका बाजूला खेचले जाते. उलट चालू इंजिनाची पाती फेदर केली, तर इंजिन धडधडत राहते पण विमानाला पुढे नेणारे बळच संपते. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे यती एअरलाइन्सचे एटीआर ७२ उतरता उतरता कोसळले आणि विमानातील सर्व ७२ जणांचा मृत्यू झाला. फ्लॅपचा दांडा हलवायच्या वेळी दोन्ही कंडिशन लीव्हर अनवधानाने फेदरच्या स्थानी गेले, हे त्या अपघाताचे सर्वाधिक संभाव्य कारण चौकशीत नोंदवले गेले. सिम्युलेटरमधल्या त्या चौथऱ्याकडे पाहताना, एकमेकांशेजारी उभ्या असलेल्या त्या दांड्यांमधले अंतर पाहताना, ही माहिती मनातून जात नाही. दांड्याला हात लावण्याआधी त्याचे नाव उच्चारावे, मग हात लावावा, मग काट्यावर परिणाम पाहावा आणि त्यानंतरच हात काढावा, ही पद्धत मी याच विमानावर बसवली. या साधनाचे पहिले मोल मी त्यातच मानतो.

उभे विमान जागे करण्याचा क्रम या प्रतिकृतीत इतक्या निगुतीने बांधला आहे, की नुसत्या त्या क्रमासाठीही ती घ्यावी असे मी म्हणेन. एटीआरला सहायक वीजनिर्मितीचे वेगळे छोटे इंजिन नाही. मोठ्या जेट विमानांच्या शेपटात असे इंजिन असते आणि जमिनीवर उभे असताना तेच वीज व थंड हवा पुरवते. एटीआरच्या रचनाकारांनी ते वजन वाचवले आणि उजव्या इंजिनाच्या प्रोपेलरला एक ब्रेक बसवला. उजवे इंजिन सुरू करायचे, पण प्रोपेलर ब्रेकने धरून ठेवायचा. स्वतंत्र टर्बाइनच्या रचनेमुळे हे शक्य होते. इंजिन वीज देते, वातानुकूलनासाठी हवा देते आणि बाहेर पाते हलत नाही. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. प्रवाशांचे दार डाव्या बाजूला मागे असल्याने उजवे इंजिन निवडणे स्वाभाविकच होते. हा ब्रेक केव्हाही लागत नाही : विमान जमिनीवर हवे, नियंत्रणे वाऱ्याने हलू नयेत म्हणून असलेले ‘गस्ट लॉक’ लावलेले हवे, कंडिशन लीव्हर फेदर किंवा इंधन बंद या स्थानी हवा आणि हायड्रॉलिक दाब तयार हवा. या अटी पूर्ण झाल्या की तयारीचा दिवा लागतो. प्रत्येक अटीमागे कारण आहे आणि ते कारण शोधत गेले की विमानाच्या वीज, हायड्रॉलिक आणि हवेच्या यंत्रणांचा नकाशा आपोआप डोक्यात उभा राहतो.

इंजिन सुरू करताना बटण दाबून फिरणे सुरू झाले की आतल्या दाबयंत्राचा वेग दहा टक्क्यांपर्यंत जाण्याची वाट पाहायची आणि मगच कंडिशन लीव्हर फेदरपर्यंत नेऊन इंधन सोडायचे. हवा पुरेशी येण्याआधी इंधन दिले तर टर्बाइनमधले तापमान झपाट्याने चढते. म्हणून त्या काही क्षणांत डोळे तापमानाच्या आकड्यावर आणि हात दांड्यावर राहिला पाहिजे, म्हणजे गरज पडल्यास इंधन तत्काळ तोडता येईल. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या दुपारी प्रत्यक्ष हवामान चालू ठेवून हा सराव अवश्य करावा. पारा चाळिशीच्या पुढे असतो, हवा विरळ असते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीचा आपला पठारी प्रदेश त्यात भर घालतो. युरोपातील थंड विमानतळांवर चित्रित केलेली मार्गदर्शने पाहून शिकलेल्या माणसाला ही दुपार बरेच काही शिकवते.

धावपट्टीवर आल्यावर शक्तीनिवडीची कळ उड्डाणाच्या स्थानी आहे ना, कंडिशन लीव्हर ऑटोवर आहेत ना, हे पाहून पॉवर लीव्हर त्यांच्या खाचेपर्यंत न्यायचे. सर्वसाधारण उड्डाणात प्रत्येक इंजिन २,४७५ अश्वशक्ती देते आणि टॉर्क ९० टक्क्यांच्या आसपास दिसतो. शंभर का नाही, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. उरलेले दहा टक्के राखीव आहेत : उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडले, तर स्वयंचलित यंत्रणा दुसऱ्या इंजिनाची शक्ती २,७५० अश्वशक्तीपर्यंत वाढवते आणि सुमारे दोन सेकंदांनी बंद पडलेल्या इंजिनाची पाती फेदर करते. दोन्ही प्रोपेलर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरतात, त्यामुळे शक्ती लावताच नाक डावीकडे वळू पाहते आणि उजव्या पायाने ते धरून ठेवावे लागते. ज्यांच्याकडे पायाने चालवण्याचे पेडल नाहीत त्यांनी जॉयस्टिकचा फिरणारा दांडा तरी घ्यावा. त्याशिवाय या विमानात सरळ धावणे शिकता येणार नाही.

येथे आणखी एका, तैवानमधील, अपघाताचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण तो नेमक्या याच ७२-६०० जातीच्या विमानाचा आहे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या विमानात उजव्या इंजिनाचा प्रोपेलर सदोष संदेशामुळे आपोआप फेदर झाला, आणि कॉकपिटमध्ये डावे, म्हणजे निकोप असलेले, इंजिन मागे घेऊन बंद केले गेले. विमान कीलुंग नदीत कोसळले आणि ५८ पैकी ४३ जण मृत्युमुखी पडले. एका इंजिनाने हे विमान चढू शकते, त्यासाठीच ती राखीव शक्ती आहे. प्रश्न असतो तो कोणते इंजिन गेले हे ओळखण्याचा आणि ओळखल्यावरही दोघांनी मिळून खात्री करण्याचा. सिम्युलेटरमध्ये सुरक्षित उंची गाठल्यावर एक इंजिन स्वतः बंद करून दुसऱ्यावर विमान सरळ ठेवण्याचा सराव करता येतो. कोणता पाय ताणला आहे, टॉर्कचा कोणता आकडा पडला आहे, कोणता प्रोपेलर मंदावला आहे, हे तीन पुरावे मोठ्याने सांगूनच पुढचा दांडा धरावा. घाईत केलेल्या योग्य कृतीपेक्षा सावकाश केलेली योग्य कृती येथे अधिक मोलाची आहे, कारण प्रोपेलर फेदर करण्याचे काम यंत्रणा स्वतःच करते.

चढताना वैमानिकाला थोडा श्वास मिळतो. शक्तीनिवडीची कळ चढाईच्या स्थानी फिरवायची, पॉवर लीव्हर खाचेतच राहू द्यायचे आणि साधारण १७० नॉट वेग राखत वर जायचे. मात्र या विमानात स्वयंचलित थ्रॉटल नाही, ही गोष्ट जेटच्या सिम्युलेटरवरून येणाऱ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. ऑटोपायलट दिशा आणि उंची सांभाळतो. वेगाची जबाबदारी मात्र आपल्या हाताची. खाली उतरताना नाक खाली गेले की वेग वाढतो, विमान सपाट झाले की तो भराभर पडतो, आणि दोन्ही वेळा पॉवर लीव्हर आपल्यालाच हलवावे लागतात. वेगात व शक्तीत फरक पडला की सुकाणूचे ट्रिमही पुन्हा बसवावे लागते. पडद्यावरच्या आकड्यांवर नजर कशी फिरवायची, एका आकड्यावर किती वेळ थांबायचे, हे शिक्षण या विमानाइतके सक्तीने दुसरे कोणी देत नाही.

सोलापूर ते गोव्यातील मोपा विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि शिकण्यासाठी याहून चांगली वाट मला सुचवता येणार नाही. होटगी रस्त्यावरून निघून नैर्ऋत्येला वळले की जतचा कोरडा मुलूख, पुढे अथणी, चिकोडी आणि शेवटी आंबोलीच्या बाजूचा सह्याद्री लागतो. सिम्युलेटर उपग्रहचित्रांवरून जमीन उभी करत असल्यामुळे मातीचा रंग बदलत जाताना दिसतो : पठारावरचा करडा आणि काळा पट्टा, कृष्णेच्या खोऱ्यातली उसाची हिरवळ आणि मग घाटमाथ्यावरचे दाट रान. हा पट्टा रस्त्याने अनेकदा पाहिलेल्या माणसालाही वरून तो पुन्हा नव्याने कळतो. सोलापूरचे विमानतळ हाताने घडवलेल्या विमानतळांमध्ये नाही, त्यामुळे इमारती सर्वसाधारण साच्यातल्या दिसतात; मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही, कारण शिकणाऱ्याचे लक्ष धावपट्टीवर असते.

पावसाळ्यात याच वाटेचे रूप पालटते. मोसमी पावसाच्या दिवसांत महाराष्ट्रावर शून्य अंशाची पातळी साधारणपणे सोळा ते अठरा हजार फुटांच्या आसपास असते आणि एटीआर सरळ जाण्यासाठी नेमकी तीच उंची निवडते. म्हणजे खाली धो धो पाऊस आणि वर पंखांवर बर्फ, अशी स्थिती सह्याद्रीवर येऊ शकते. कॅप्टनच्या खिडकीबाहेर बर्फ ओळखण्यासाठी एक छोटी सळई असते. तिच्यावर पांढरा थर दिसला की पंखाच्या पुढच्या कडेची रबरी आवरणे फुगवून बर्फ तोडणारी यंत्रणा चालू करायची. बर्फरोधक यंत्रणा चालू केल्यावर ‘स्टॉल’चा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा लवकर मिळावा अशी व्यवस्था आहे आणि त्याबरोबर किमान वेगाची मर्यादाही वाढते. ही काळजी आली कोठून, हेही वाचकांना ठाऊक असावे. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात रोझलॉन येथे अमेरिकन ईगलचे एटीआर ७२ कोसळून ६८ जण मरण पावले. अतिशीत पाण्याचे मोठे थेंब रबरी आवरणांच्या मागच्या बाजूला गोठून तेथे बर्फाची कड तयार झाली आणि विमान आडवे फिरले; त्यानंतर ती आवरणे अधिक मागेपर्यंत वाढवण्यात आली. तसा प्रसंग घरच्या संगणकावर खऱ्या अर्थाने अनुभवता येतो असे मी मानत नाही. परंतु ढगात शिरण्यापूर्वी तापमान वाचणे, सळईकडे पाहणे आणि वेग मर्यादेच्या वर ठेवणे, ही सवय तेथे लागते आणि ती खरी सवय आहे.

उतरणे ही या विमानाची सर्वांत कठीण परीक्षा. पूर्ण फ्लॅप घेतल्यावर वजनानुसार वेग साधारण १०५ ते ११५ नॉटांच्या दरम्यान ठेवायचा असतो. जेटच्या सवयीने धावपट्टी जवळ येताच पॉवर लीव्हर मागे ओढले, तर पात्यांचा कोन सपाट होतो, दोन्ही प्रोपेलर हवेला अडवू लागतात आणि विमान तरंगायचे सोडून दगडासारखे बसते. म्हणून शक्ती थोडी राखत धावपट्टीच्या अगदी जवळ यायचे आणि शेवटच्या काही फुटांतच ती हळूहळू काढायची. नाक फार वर उचलण्याचा मोहही आवरावा लागतो, कारण ७२ चे शरीर २७ मीटरहून अधिक लांब आहे आणि शेपूट टेकण्याची शक्यता असते. चाके टेकल्यावर दांडे जमिनीवरच्या निष्क्रिय स्थानी आणायचे, दोन्ही प्रोपेलर खरोखर त्या कोनात आल्याचे दिवे लागलेत याची खात्री करायची आणि मगच लागल्यास उलटा जोर घ्यायचा. एकच दिवा लागला असताना उलटा जोर घेणे म्हणजे विमान एका बाजूला फेकले जाण्याला निमंत्रण. हे दिवे पाहणे वगळून उतरण्याचा सराव कधीही करू नये.

आता मर्यादांकडे वळतो. खऱ्या एटीआरची पुढची-मागची आणि आडवी नियंत्रणे तारांनी व दांड्यांनी थेट पृष्ठभागांना जोडलेली आहेत. त्यांना हायड्रॉलिक मदत नाही. वेग वाढला की हाताला ते जड लागते आणि वैमानिक त्या जडपणावरूनही बरेच काही ओळखतो. स्प्रिंग बसवलेली प्लॅस्टिकची जॉयस्टिक हे देऊ शकत नाही, त्यासाठी बळ परत देणारे महागडे दांडे लागतात आणि ते सर्वसामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणून हे साधन कार्यपद्धती शिकण्यासाठी उत्तम आणि हाताचे कसब शिकण्यासाठी अपुरे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना वैमानिकाचा परवाना मिळवायचा आहे त्यांनी याला अभ्यासाचे पूरक साधनच समजावे. येथे घालवलेले तास कोणत्याही नोंदवहीत धरले जात नाहीत.

दांड्यांची सोयही विचारात घ्यावी लागते. स्वस्त जॉयस्टिकवर शक्तीसाठी एकच सरकपट्टी असते. दोन पॉवर लीव्हर आणि दोन कंडिशन लीव्हर वेगळे हवे असतील, तर चार किंवा सहा दांड्यांचा स्वतंत्र थ्रॉटल संच घ्यावा. तो परवडत नसेल तर कंडिशन लीव्हर माउसने हलवावेत, पण त्यांना शक्तीच्या सरकपट्टीशी मुळीच जोडू नये. दोन्ही दांडे एकत्र हलू लागले तर या विमानातला शिकण्याजोगा भाग संपतोच. संगणकात स्वतंत्र ग्राफिक कार्ड, भरपूर मेमरी आणि मोठी साठवण लागते. जमिनीची चित्रे इंटरनेटवरून येत असल्यामुळे जोडणी स्थिर हवी. उन्हाळ्यात वीज खाली-वर होते, त्या दृष्टीने यूपीएस हा खर्चाचा भाग म्हणूनच धरावा, शिवाय खोलीत हवा खेळती ठेवावी. संगणक बसत असेल तरच खरेदीला हात घालावा; विमानाची किंमत तुलनेने कमी आहे, यंत्राची नाही.

इंग्रजीचा प्रश्न मी टाळणार नाही. कॉकपिटमधली नावे, तपासणी याद्या, इशारे हे सर्व इंग्रजीत आहे आणि तसेच राहणार. परंतु समजून घेण्याची भाषा मराठी असायला काही अडथळा नाही. माझी भाची अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. सुटीच्या दिवशी ती शेजारच्या खुर्चीवर बसून यादी वाचते आणि मी उत्तर देतो. ‘मामा, गस्ट लॉक?’ ‘काढले.’ ‘कंडिशन लीव्हर?’ ‘दोन्ही ऑटोवर, पाहून सांगतो... हो, ऑटोवर.’ एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने दांड्याकडे बघून उत्तर द्यायचे, ही पद्धत खऱ्या विमानातही तशीच आहे आणि तिच्यामुळे एकट्याने बसून होणारा सराव व दोघांनी केलेला सराव यांत मोठा फरक पडतो. तिने एकदा विचारले, की डाव्या आसनावरच्या माणसाला दिसत असेल तर उजव्या आसनावरच्या माणसाने पुन्हा का पाहायचे. पोखरा आणि तैपेई या दोन्ही घटना तिला समजावून सांगितल्यावर तिने स्वतःहून प्रत्येक दांड्यापुढे थांबण्याचा नियम केला. ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत त्यांनी हे साधन एकट्याच्या करमणुकीसाठी न घेता असे दोघांनी मिळून वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन.

किमतीच्या मानाने पाहता, एका विमानात इतक्या यंत्रणा आणि इतक्या स्पष्ट कार्यपद्धती मिळणे मला अतिशय समाधानकारक वाटते. ज्यांना बटण दाबून लगेच आकाशात जायचे आहे त्यांना हे विमान कंटाळवाणे वाटेल आणि त्यांनी याच प्रणालीतील लहान विमाने घ्यावीत. सुरुवातीला सोलापूरच्या धावपट्टीभोवती दिवसा, वारा कमी असताना, उड्डाण, वळण आणि अवतरण असा फेरा करावा. त्यात नियंत्रण आले की जमिनीवरच हॉटेल मोडचा पूर्ण क्रम यादी न पाहता करता येतो का ते तपासावे. त्यानंतर हिवाळ्याच्या स्वच्छ दिवसाचे हवामान निवडून मोप्यापर्यंत जावे आणि पॉवर लीव्हर केव्हा कमी करावे लागतात याची नोंद कागदावर ठेवावी. पावसाळ्यातले उड्डाण सर्वांत शेवटी घ्यावे. त्या वेळी पर्यायी विमानतळ म्हणून बेळगाव नियोजनात धरावे आणि तेथपर्यंत जाऊन काही काळ घिरट्या घालता येतील एवढे इंधन निघण्यापूर्वीच भरून घ्यावे.